क्लब नेमका कोणाचा? जिमखाना, ऑफिसर्स क्लब आणि हायवेवरचा नवा क्लब, खान्देशातल्या माणसासाठी सोप्या भाषेत

जळगाव काय, धुळं काय, शहराबाहेर हायवेला लागलं की आता क्लबच्या पाट्या दिसतात, लॉन, स्विमिंग पूल, बॅडमिंटन, वर एसी हॉल आणि खाली मोठ्या अक्षरात फॅमिली मेंबरशिप. घरात मग चर्चा सुरू होते की दादा घेऊन टाकायची का, पोरं पोहायला शिकतील, आईबाबांना संध्याकाळी बसायला जागा होईल. चांगलीच गोष्ट आहे, घ्या. पण बहुतेक जण फक्त फी किती आणि पूल केवढा एवढंच विचारतात, आणि क्लब म्हणजे नेमकी काय चीज आहे, तिचा मालक कोण, आत कोणाला घ्यायचं हे कोण ठरवतं, गावाला तिचा काय उपयोग, हे कोणी विचारतच नाही. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे निवांत बसायच्या, खेळायच्या, चार वेगळ्या लोकांना भेटायच्या जागा फार कमी उरल्यात, आणि ज्या आहेत त्या कशा चालतात हे माहीत नसल्यामुळे हातातून जातात.

आधी थोडी सरमिसळ दूर करू. रोटरी आणि लायन्स हेही क्लबच, पण ते सेवेसाठी एकत्र आलेल्या लोकांचे, रोटरी १९०५ मध्ये शिकागोत सुरू झाली आणि लायन्स १९१७ मध्ये, त्यांची ओळख कामावरून असते, पूल-लॉनवरून नाही. दुसरा प्रकार पेपरात येणारा, 'क्लबवर धाड, इतके जण ताब्यात', म्हणजे पत्त्यांचा रिक्रिएशन क्लब. त्याबद्दल एक माहिती असू द्या, सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच सिकंदराबादच्या एका क्लबच्या केसमध्ये सांगितलंय की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि पत्ते-टेबलाचे थोडे पैसे घेतले म्हणून क्लब जुगाराचा अड्डा ठरत नाही, पण त्या आडून कोणी जुगारातून कमाई करत असेल तर तो मात्र गुन्हाच. हे दोन्ही प्रकार इथेच सोडू. आपला विषय ज्याला जागा आहे, मैदान आहे, मेंबर आहेत असा क्लब, ज्याला इंग्रज-अमेरिकन लोक कंट्री क्लब म्हणतात आणि आपल्याकडे जिमखाना किंवा ऑफिसर्स क्लब म्हणायची पद्धत आहे.

कंट्री क्लब हे नाव अमेरिकेतून आलं. बोस्टन शहराजवळ ब्रुकलाइन म्हणून गाव आहे, तिथे १८८२ मध्ये पैसेवाल्या लोकांनी शहराबाहेर मोकळी जागा घेतली, घोडे, रपेट, जेवणं-खाणं, आणि काही वर्षांनी गोल्फ आलं. क्लबचं नावच 'द कंट्री क्लब', आणि १८९४ मध्ये अमेरिकेची गोल्फ संघटना ज्या पाच क्लबांनी मिळून काढली त्यातला हा एक. या क्लबच्या रस्त्यापलीकडे साध्या घरातला एक मुलगा राहायचा, फ्रान्सिस विमेट, लहानपणी तिथेच मेंबर लोकांच्या गोल्फच्या पिशव्या उचलायचा. १९१३ ला याच मैदानावर यूएस ओपन झाली आणि वीस वर्षांच्या त्या पोराने इंग्लंडचे हॅरी व्हार्डन आणि टेड रे हे त्या काळचे दादा खेळाडू हरवले, आणि त्याची स्वतःची पिशवी उचलायला होता दहा वर्षांचा पोरगा. गोल्फ हा फक्त श्रीमंतांचा खेळ ही समजूत अमेरिकेत त्यानंतर ढिली झाली.

भारतात क्लब त्याच्याही कितीतरी आधीचे. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७ चा, मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा, आणि दोन्ही गोऱ्यांसाठी. नंतर खेळांचे जिमखाने आले, बॉम्बे जिमखाना १८७५ चा, आणि भारतातली पहिली टेस्ट मॅच डिसेंबर १९३३ मध्ये याच मैदानावर झाली, लाला अमरनाथ यांनी तिथे शतक ठोकलं, पण त्या काळात भारतीय माणसाला त्या क्लबचं मेंबर होता येत नव्हतं. म्हणजे देशाकडून खेळायला गेट उघडं आणि मेंबर म्हणून बंद. बॉम्बे जिमखान्याच्या पाठोपाठ पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना असे जातधर्माप्रमाणे वेगळे निघाले, पुण्यात १९०६ ला डेक्कन जिमखाना निघाला, आणि मुंबईत गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या काळात विलिंग्डन क्लब झाला जिथे भारतीय आणि युरोपियन दोघांना मेंबर होता येत होतं.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती पळवणकर बाळूंची गोष्ट. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये मैदानावर नोकरीला होते, पिच रोलरने दाबायचं, नेट लावायचं आणि साहेब लोकांना प्रॅक्टिससाठी तासन्‌तास बॉलिंग टाकायची. पगार महिन्याला चार रुपये. बॅटिंगची संधी मात्र कधी दिली नाही. पण त्या प्रॅक्टिसमधून डावखुरी स्पिन इतकी जबरदस्त तयार झाली की पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबलाही त्यांना टीममध्ये घेणं भाग पडलं. आणि तिथे काय झालं, तर मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट काढल्या, पुढे त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू टीमचे कॅप्टन झाले. गोऱ्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं हे आपण हिरीरीने सांगतो, आपण आपल्यातल्याच माणसाला पॅव्हेलियनबाहेर ठेवलं हेही त्याच दमात सांगायला पाहिजे.

आता आपल्या खान्देशात येऊ. १८१८ ला पेशवाई गेली, इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज इथे आला आणि धुळं हे मुख्यालय झालं. पुढे १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे केले, पूर्व खान्देशाचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळं. जिल्ह्याचं ठाणं झालं की त्याच्याबरोबर एक ठरलेला गोतावळा यायचा, कलेक्टर, पोलीस साहेब, जज्ज, सिव्हिल सर्जन, जंगल खात्याचा साहेब, इंजिनियर. मोजकी माणसं, दर दोन-तीन वर्षांनी बदली, गावात ओळख नाही, आणि वर आपला उन्हाळा, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला. दिवसभर कोणी बाहेर पडायचं नाही, ऊन कललं की मग टेनिस, अंधार पडला की व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. देशभर जिल्ह्याजिल्ह्यात ऑफिसर्स क्लब असेच उभे राहिले, आणि त्यांच्या घटनेत बऱ्याच ठिकाणी कलेक्टर हा पदसिद्ध अध्यक्ष. ही पद्धत कित्येक ठिकाणी अजून आहे, आणि त्याचा परिणाम असा की साहेब खेळाची आवड असलेला आला तर क्लबला रंगरंगोटी होते, कोर्टवर नवीन लाईट लागतात, आणि आवड नसलेला आला की तीन वर्षं गवत वाढतं. स्वातंत्र्यानंतर हळूहळू वकील, डॉक्टर, जिनिंगवाले, व्यापारी मेंबर झाले, आणि अनेक क्लब खऱ्या अर्थाने चालवले ते याच मंडळींनी, कारण साहेब बदलून जातो, वकीलसाहेब गावातच असतात.

भुसावळची गोष्ट वेगळी. तिथे रेल्वे. जंक्शन, लोकोशेड, क्वार्टर्सच्या रांगा, आणि रेल्वेच्या मोठ्या कॉलनीत इन्स्टिट्यूट असायचीच, म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्यांचा क्लब. इंग्रजांच्या काळात रेल्वेत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन स्टाफची इन्स्टिट्यूट वेगळी आणि इंडियन स्टाफची वेगळी अशी सर्रास पद्धत होती. पण इन्स्टिट्यूटची कल्पना ऑफिसर्स क्लबपेक्षा रुंद होती, कारण इथे फायरमन आणि क्लार्क हेही मेंबर, वर्गणी पगारातून कापली जायची, आणि कॅरम, लायब्ररी, नाटकाचं स्टेज, पिक्चर हे सगळं कुटुंबासकट. रेल्वेच्या गावांतून इतके खेळाडू आणि नाटकवाले निघाले त्यात या इन्स्टिट्यूटचा वाटा मोठा आहे असं मी तरी मानतो, शिफ्ट ड्युटी करणाऱ्या माणसाला रात्री आठला उघडी असलेली दुसरी जागाच नव्हती.

आणि एक गोष्ट आपण विसरतो, की साहेबाच्या क्लबला आपल्या लोकांनी आधीपासूनच स्वतःचं उत्तर उभं केलं होतं, फक्त त्याला क्लब म्हटलं नाही. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय १८७७ चं आहे. वाचनालय कसं चालतं बघा, सभासद, वर्गणी, कार्यकारी मंडळ, वार्षिक सभा, अगदी क्लबचाच सांगाडा, पण वर्तमानपत्र वाचायला येऊन बसणाऱ्याला कोणी सूचक-अनुमोदक, म्हणजे तुमचं नाव सुचवणारे जुने मेंबर कोण, असं विचारत नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणीच्या गावात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, जिथे देशभरातून लोक तत्त्वज्ञान शिकायला यायचे. चोपड्याच्या भगिनी मंडळासारख्या संस्थांनी बायकांना घराबाहेर हक्काची जागा दिली. गल्लीगल्लीतल्या तालमी तर आहेतच. खान्देशातल्या क्लबचा इतिहास लिहायचा तर निम्मा इतिहास या जागांचा लिहावा लागेल.

बरं, आता क्लब आतून चालतो कसा. खऱ्या मेंबरांच्या क्लबमध्ये तुम्ही गिऱ्हाईक नसता, तुम्ही मालकांपैकी एक असता. म्हणून तर आत घेताना इतकी चौकशी. फॉर्मवर एका जुन्या मेंबरची सूचक म्हणून सही लागते, दुसऱ्याची अनुमोदक म्हणून, मग नाव नोटीस बोर्डावर लागतं, कोणाची हरकत असेल तर कमिटीला कळवायची. जुन्या इंग्रजी क्लबांत याहून कडक, गुप्त मतदान, पेटीत पांढरा किंवा काळा गोळा टाकायचा, आणि ठरलेल्या संख्येइतके काळे निघाले की माणूस बाद, कारण सांगायची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की कारण न सांगता बाद करायची कुठलीही पद्धत गावाच्या क्लबला शोभत नाही. सूचक-अनुमोदक पद्धतीतही तोच धोका आहे, ओळखीतलाच ओळखीच्याला आत आणतो, एकाच पेठेतले, एकाच धंद्यातले, एकाच समाजाचे लोक वाढत जातात आणि कोणी मुद्दाम काही न करताही वीस वर्षांत क्लब एका गोताचा होऊन बसतो.

निर्णय घ्यायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. ती कधी बघितली आहे का? सहाची वेळ दिलेली असते, सव्वासहाला सतरंजीवर अकरा जण असतात, कोरम, म्हणजे ठरलेली किमान हजेरी, नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, आणि मग नियमाप्रमाणे त्याच जागी तेच अकरा जण पुन्हा बसतात, आता कोरमची अट नाही, सेक्रेटरी मागच्या सभेचं इतिवृत्त भराभर वाचतात, हिशेबपत्रकं मंजूर मंजूर मंजूर, ऑडिटर तोच, आणि कचोरी येते. क्लबची जमीन, फी, नवीन मेंबर, सगळं त्या वीस मिनिटांत ठरलेलं असतं. नंतर वर्षभर कट्ट्यावर 'काय भो, क्लबची वाट लावली यांनी' म्हणणारे तीनशे मेंबर त्या संध्याकाळी घरी असतात. ज्याला क्लबचं काही चांगलं व्हावं वाटतं त्याने बाकी काही नाही केलं तरी चालेल, त्या सभेला जावं आणि ताळेबंद हातात घेऊन बसावं.

पैशाचा भाग लोकांना सगळ्यात किचकट वाटतो, तो भरीत पार्टीवरून समजून घेऊ. हिवाळ्यात दहा मित्रांनी पाचशे-पाचशे काढले, शेतात गेले, पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत ठेचली, कळण्याच्या पुऱ्या झाल्या, आणि शेवटी तीनशे रुपये उरले ते वाटून घेतले. आता या तीनशेला कोणी कमाई म्हणेल का? आपलेच पैसे आपल्याकडे परत आले. कायद्यात यालाच परस्परतेचं तत्त्व म्हणतात, माणूस स्वतःपासून नफा कमवू शकत नाही, म्हणून मेंबरांनी मेंबरांसाठी भरलेल्या पैशातून जे उरतं त्यावर क्लबला इन्कम टॅक्स लागत नाही. पण त्याच क्लबने लॉन बाहेरच्या माणसाला लग्नासाठी भाड्याने दिलं तर ते पैसे बाहेरून आले, तिथे टॅक्स आला. उरलेले पैसे बँकेत एफडीत टाकले तर त्याचं व्याजही टॅक्समध्ये, बंगलोर क्लबच्या केसमध्ये २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट सांगितलं. विक्रीकर आणि सर्व्हिस टॅक्सच्या बाबतीत २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या बाजूने निकाल लागला होता की क्लब आणि मेंबर एकच, पण २०२१ मध्ये सरकारने जीएसटी कायदाच बदलला, तोही १ जुलै २०१७ पासून मागे नेऊन, की जीएसटीपुरते क्लब आणि मेंबर वेगळे धरायचे. त्यावर कोर्टात भांडणं चालू आहेत, पण तुमच्या फीच्या पावतीवर जीएसटी का दिसतो त्याचं उत्तर हे आहे.

यावरूनच हायवेवरचा कमर्शियल क्लब वेगळा काढता येतो. तिथे मालक बिल्डर किंवा कंपनी असते, 'लाइफ मेंबर' हे फक्त नाव, तुम्हाला मत नाही, सभा नाही, हिशेब बघायचा हक्क नाही. तुम्ही ग्राहक. त्यात वाईट काही नाही, सर्व्हिस चांगली असेल तर उलट कटकट कमी, पण पंचवीस वर्षांचे पैसे एकदम भरताना ही गोष्ट माहीत पाहिजे, कारण उद्या जागा विकली गेली तर तुम्ही सभा बोलावू शकत नाही, जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावं लागतं. म्हणून करारपत्र वाचा, क्लब बंद पडला किंवा मालक बदलला तर पैशांचं काय हे त्यात लिहिलेलं आहे का ते बघा, तोंडी सांगितलेल्या सवलती कागदावर घ्या.

गावाला क्लबचा उपयोग काय, तर तो पूल-जिमपेक्षा संध्याकाळी सात ते नऊमध्ये दिसतो. बॅडमिंटनच्या डबल्सला चार माणसं लागतात आणि चौथा नसला की जो उभा असेल त्याला घेतात, मग बँकेचा मॅनेजर आणि मोबाईल रिपेअरिंगवाला एका बाजूला, समोर सरकारी डॉक्टर आणि कॉलेजची पोरगी. ही ओळख ऑफिसात होत नाही, लग्नाच्या पंगतीतही होत नाही. अशा ओळखी असलेल्या गावात रक्ताची बाटली लवकर मिळते, पोराला कोणत्या ब्रँचला टाकायचं ते विचारायला माणूस मिळतो. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा माणूस कमिटीत नसतो, तो असतो मार्कर, म्हणजे कोर्टचं बघणारा, नेट घट्ट करणारा, नवीन पोराच्या हातात रॅकेट कशी धरायची ते दाखवणारा. बहुतेक ठिकाणी त्याचा पगार लाज वाटावी इतका कमी असतो आणि पीएफचा पत्ता नसतो. त्याचं पोरगं त्याच कोर्टवर हक्काने खेळतंय का, का फक्त शटल गोळा करतंय, एवढं बघितलं तरी त्या क्लबची नियत मला कळते.

बायकांच्या बाबतीतही बघावं लागतं. कित्येक जुन्या क्लबांत मेंबर म्हणजे नवरा, बायको त्याच्या कार्डावर, आणि तो गेला की तिचा हक्क कमिटीच्या मर्जीवर. हा नियम वार्षिक सभेत एका ठरावाने बदलायची सुरुवात करता येते, कोणीतरी हात वर केला पाहिजे. बारचंही तसंच, महाराष्ट्रात क्लबला दारूचं वेगळं लायसन्स असतं, एफएल-४, आणि ते असावं की नसावं यावर वाद घालण्यापेक्षा ती खोली मुलांच्या कोर्टपासून आणि घरच्यांच्या बसायच्या जागेपासून लांब आहे का हे ठरवा, कारण बार वाढला आणि खेळ आटला की कुटुंबं यायची थांबतात.

शेवटचा मुद्दा जमिनीचा, आणि तोच सगळ्यात मोठा. जुन्या जिमखान्यांची जागा बऱ्याचदा सरकारी भाडेपट्ट्यावरची असते, नाममात्र भाड्याने, खेळासाठी आणि लोकांच्या उपयोगासाठी दिलेली, आणि ती आज भर शहरात कोट्यवधींची आहे. म्हणजे मेंबर नसलेल्या माणसाचंही त्या जागेत काहीतरी आहे. पट्ट्यात लिहिलेल्या कामाऐवजी तिथे वर्षभर मंगल कार्यालय चालवलं तर तो शर्तभंग होऊ शकतो आणि कलेक्टर कारवाई करू शकतात. आपल्याकडचे बहुतेक जिमखाने, क्रीडा मंडळं, वाचनालयं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. अशा संस्थेची जागा कमिटीला परस्पर विकता येत नाही, विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी लागते. कमिटी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो वेळेत दिला नाही की जुने विश्वस्त कागदावर तसेच राहतात, काही तर वारलेले असतात, आणि भांडण लागलं की सही कोणाची चालणार यावरच वर्षं जातात.

हे कागद बघायला वकीलच लागतो असं नाही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात संस्थेचा नोंदणी नंबर घेऊन अर्ज केला की शेड्युल वनच्या उताऱ्याची नक्कल मिळते, त्यात विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती ते असतं. जागा सरकारी असेल तर भाडेपट्ट्याची प्रत माहिती अधिकारात कलेक्टर ऑफिसकडे मागता येते, दहा रुपयांच्या अर्जात. पट्टा किती वर्षांचा, संपतो कधी, कशासाठी दिलाय, आणि मेंबर नसलेल्या लोकांसाठी मैदान खुलं ठेवायची काही अट त्यात आहे का, हे आधी बघा. तशी अट असेल आणि गेटला कुलूप असेल तर अर्जाला जोडायला तोच कागद पुरेसा आहे.